नवतपातला हिरवा अनाचार

कोणाला सांगू नका, पण केळापूर तालुक्यातल्या सभ्य घरांमधून सध्या जे चाललं आहे ते ऐकून चांगल्या माणसाला घेरी यावी. बाहेर पारा पंचेचाळिसाला टेकलेला, डांबर मऊ झालेलं, डोक्याकानाला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय कोणी उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही. अशा नवतपाच्या भर दुपारी एका प्रतिष्ठित घरच्या वहिनी गच्चीवर, हिरव्या जाळीच्या आडोशाला, कोणाशी तरी दबक्या आवाजात बोलत होत्या. "आनखी थोडेच दिवस कळ काढ रे राजा. मृग लागला का सगळं ठीक होते." यजमान तेव्हा कचेरीत. मुलं मामाच्या गावाला. मग गच्चीवर राजा कोण? समोरच्या काकूंनी नीट ऐकू यावं म्हणून चालता कूलर बंद केला (या दिवसांत याहून मोठा त्याग नाही), तेव्हा कुठे उलगडा झाला. राजा म्हणजे लिंबू. कुंडीतलं.

लिंबाशी बोलणं हा त्यातल्या त्यात अब्रूदार प्रकार म्हणायचा. बाकीचं सांगायलाही लाज वाटते. तरी सांगते.

बाहेरगावच्यांसाठी एवढंच, की तालुक्याचं नाव केळापूर, पण तहसील, बाजार आणि भानगडी या सगळ्या पांढरकवड्यात. केळापुरात जगदंबेचं देऊळ आहे. ती सगळं पाहते आणि काही बोलत नाही. बोलायचं खातं आमच्याकडे. शेजारून वाहणाऱ्या नदीचं नाव खुनी. एवढ्या जबरदस्त नावाच्या नदीकाठी गुन्हा कोणता घडावा, तर मनी प्लांटच्या फांदीची चोरी! नदीलाही कमीपणा वाटत असेल. आणि नवतपा म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यावरचे पहिले नऊ दिवस, साधारण २५ मेपासून जूनच्या तोंडापर्यंत. या दिवसांत शहाण्या माणसानं खिशात कांदा ठेवावा, पन्हं प्यावं आणि घरात पडून राहावं. कास्तकारानं वखरलेल्या वावराकडे नि आभाळाकडे आळीपाळीनं पाहावं. झाडं लावायची ती मृग लागल्यावर, ७-८ जूननंतर. ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. नवतपात बागेचं खूळ आमच्या आजीच्या काळात कोणी काढलं असतं, तर घरच्यांनी आधी त्याच्यावरून भाकरीचा तुकडा उतरवून टाकला असता.

तर पहिला गुन्हा चोरीचा. मनी प्लांट विकत घेतला किंवा मागून आणला तर लाभत नाही, चोरलेलाच फोफावतो आणि घरात पैसा खेचतो, हा समज देशभर आहे. आमच्याकडे त्याचं रीतसर शास्त्र झालं आहे. साक्षगंधाला, डोहाळजेवणाला, रिसेप्शनला निघालेल्या बायकांच्या पर्समध्ये ओला रुमाल आणि छोटी कात्री असते. नखानं खुडणाऱ्या त्या जुन्या वळणाच्या. साक्षगंधात सगळे अंगठीकडे पाहत असतात, नेमक्या त्या घटकेला हॉलच्या कोपऱ्यातली कुंडी हलकी होते. मुलगी पाहायच्या कार्यक्रमात मुलाकडच्यांना मुलगी पसंत पडली की नाही ते दोन दिवसांनी कळतं. मुलाच्या आत्याला क्रोटन पसंत पडलं हे तिथल्या तिथे कळतं.

एका जास्वंदीच्या मालकिणीनं चोराला फांदीसकट धरलं. "मागतली असती तं दिलीच असती ना मी," त्या म्हणाल्या. चोर म्हणजे चांगल्या निवृत्त शिक्षिका, अर्ध्या गावाला त्यांनी बाराखडी शिकवलेली. त्या म्हणतात कशा, "पन मागतलेली जगत नाई ना वयनी!" यावर काय बोलणार? वहिनींनी चहा टाकला. बाई चहा पिऊन गेल्यावर पाहतात तर गोडनिंबाचं कोवळं रोपही गेलेलं.

खरं तर मनी प्लांटला चोर आणि साव सारखेच. त्याच्या पेरापेराला मुळांचे बारीक फुगवटे आधीच तयार असतात. एक पेर पाण्यात बुडालं की मुळं सुटतात, मग पाणी हक्काचं असो की हरामाचं. पण हे शास्त्र सांगितलं तर चोरीतली मजा जाते, म्हणून कोणी सांगत नाही.

आणि या वेलींचं घराणं तरी कसलं! तुमच्या फाटकावर ती बोगनवेल एवढ्या उन्हात लाजलज्जा सोडून रंगते ना, तिची पत्रिका काढा एकदा. बुगँव्हील नावाचा फ्रेंच दर्यावर्दी १७६६ साली जगप्रदक्षिणेला निघाला. बरोबर फिलिबेर कोमेर्सों हा वनस्पतीतज्ज्ञ, आणि त्याची ओझी वाहणारा, डोंगर चढणारा, न थकणारा एक नोकर. १७६७ साली ब्राझीलमध्ये रिओजवळ त्यांना ही वेल सापडली आणि साहेबांच्या मर्जीसाठी तिला साहेबांचंच नाव मिळालं. दुसऱ्या वर्षी ताहिती बेटावर गलबतं लागली तेव्हा उघड झालं, की तो नोकर म्हणजे पुरुषी कपड्यांतली बाई आहे! झान बारे तिचं नाव. फ्रेंच आरमाराच्या जहाजावर बायकांना मज्जाव होता, म्हणून हा सगळा बनाव. कोमेर्सोंचा पाय अधू, त्यामुळे ती वेल मुळात हिनंच खुडली असावी, असं मानणारेही आहेत. पृथ्वीला फेरी घालणारी पहिली बाई म्हणून आज तिचा मान आहे, हे ठीक. पण मला वेगळंच खुपतं. ताहितीवरून समोर जे बेट दिसतं त्याचं नाव मोरेआ, आणि तेच आपल्या मनी प्लांटचं माहेर. एकाच समुद्रात किती ते लपवाछपवीचं पाणी! या वेलींकडून आपण कसल्या सदाचाराची अपेक्षा करतो?

लोक म्हणतात पांढरकवड्यालाच हे वेड कुठून लागलं. अहो, भल्याभल्यांना लागलं आहे. इंग्लंडात राणी व्हिक्टोरियाच्या काळात कुलीन घरच्या मुली नेचे गोळा करत दऱ्याखोऱ्यांतून हिंडायच्या. चार्ल्स किंग्सले या पाद्री लेखकानं १८५५ साली त्या आजाराला 'टेरिडोमेनिया' असं डॉक्टरी वाटणारं नावच ठेवलं. किलार्नी नेचा तर लोकांनी असा ओरबाडला की तो संपतो की काय अशी वेळ आली. त्याआधी हॉलंडात लोकांना ट्युलिपच्या कांद्यांचं असंच खूळ लागलं होतं. १६३७च्या फेब्रुवारीत तो बाजार कोसळला. सगळ्यात महाग कांदे कोणते, तर ज्यांच्या पाकळ्यांवर पट्टे उमटायचे ते. ते पट्टे विषाणूच्या रोगाचे होते, हे कळायला पुढे तीनएकशे वर्षं जावी लागली. आमच्याकडे सध्या पांढऱ्या चट्ट्यांच्या पानांना असाच भाव आहे. जिथे चट्टा तिथे हरितद्रव्य नाही, म्हणजे पानाचा तेवढा भाग स्वतःचं अन्न करत नाही, बसून खातो. तरी त्याच्यासाठी हिरव्या रोपाच्या चौपट पैसे. बसून खाणाऱ्याची किंमत जास्त, हे आपल्याकडे झाडांपुरतंच नाही म्हणा.

रात्रीचे प्रकार तर विचारूच नका. मृगाचा एखादा शिरवा येऊन गेला की कुठल्या तरी अंगणात रात्री अकराला चपलांचा ढीग दिसतो. बायका साड्या बदलून, हातात आरतीचं ताट. पुरुष मोबाइलच्या उजेडात पाय न वाजवता चालणारे. पोट्टे झोपेतून उठवून आणलेले. गस्तीवरच्या हवालदाराला शंका यावी असा जमाव. कारण काय, तर ब्रह्मकमळ उमलून राहिलं! कळी नऊच्या सुमारास हलायला लागते, मध्यरात्रीला पूर्ण फुलते आणि पहाटे मान टाकते. तेवढ्या वेळात हळदकुंकू, नारळ, फोटो, आणि यजमानांची मुलाखत दिल्यासारखी मुद्रा. दोन दिवसांनी पेपरात बातमी: अमुक यांच्या निवासस्थानी उमलले दुर्मीळ ब्रह्मकमळ. त्याच पानावर त्याच आठवड्यात आणखी चार निवासस्थानी तेच दुर्मीळ.

आता खरं काय ते ऐका आणि देव्हाऱ्याकडे पाहून क्षमा मागा. खरं ब्रह्मकमळ हिमालयात, उंच कड्यांवर येतं. उत्तराखंडचं ते राज्यफूल. आपल्या कुंडीत रात्री बारा वाजता दरबार भरवणारी ही बाई मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची निवडुंग आहे. पानासारखा दिसणारा चपटा दांडा कापून मातीत खोचला तरी जगते, म्हणून घरोघर पोचली. एका सातवीतल्या पोरानं हे भर आरतीत जाहीर केलं. "आज्जे, हा तं कॅक्टस होय." आजीनं टाळ्या न थांबवता उत्तर दिलं, "चूप बस. देवाले समजते." पोराला प्रसाद शेवटी मिळाला, तोही खोबऱ्याशिवाय.

एवढ्यावर थांबले असते तर मी लेखणी उचलली नसती. पण बाई, आता बेसनाच्या डब्याला हात लागला.

झालं असं, की अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी कास्तकारांना जीवामृत शिकवलं. एका एकराला दोनशे लिटर पाणी, दहा किलो देशी गाईचं शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो डाळीचं पीठ आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून दोन दिवस ढवळायचं. हिशोब एकराचा. आमच्या गच्चीवाल्यांनी तो आठ कुंड्यांना लावला. सासूबाईंनी सकाळी झुणक्यासाठी डबा उघडला तर तळ दिसला.

"बेसन कुठी गेलं व?"

"झाडायले टाकलं."

सासूबाई खाली बसल्या त्या दुपारपर्यंत उठल्या नाहीत. घरच्या कर्त्या पुरुषाला डॉक्टरनं गोड बंद केलेलं, चहा फिका, जिलबी नजरेआड. आणि जास्वंदीला गूळ! तो माणूस संध्याकाळी गच्चीवर जाऊन पिंपाकडे ज्या नजरेनं पाहतो ती नजर मी पाहिली आहे. मग तिसऱ्या दिवशी तो वास सुटतो. उजवीकडचे म्हणतात डावीकडे उंदीर मेला, डावीकडचे म्हणतात उजवीकडची नाली तुंबली. पिंपाचे मालक दोन्हीकडे मान डोलावतात.

देशी गाईचं शेण मिळवण्याची कथा आणखी वेगळी. जर्सीचं चालत नाही, वशिंड हवं. त्यामुळे एकेकाळी ज्यांच्या सहीसाठी माणसं बाकावर दिवस काढायची, असे एक निवृत्त साहेब सकाळी स्कूटरला बादली अडकवून वशिंडाच्या शोधात निघतात. गाय सापडली की सुरक्षित अंतर ठेवून मागे. गाय थांबली की साहेब थांबतात. गाय चालली की साहेब स्कूटर ढकलतात. वर्ध्याकडची गवळाऊ जातीची एक पांढरी गाय बाजाराच्या बाजूला हिंडते, तिच्या मागे तर दोन पार्ट्या आहेत आणि त्यांच्यात बोलणं बंद आहे. गाईला या प्रतिष्ठेची काही कल्पना नाही. ती तिच्या वेळेनंच घेते.

ज्यांना हे करायला लाज वाटते ते शेण मोबाइलवरून मागवतात. हो, शेण. चकचकीत पिशवीत, चाळलेलं, वाळवलेलं, वरती 'दुर्गंधीमुक्त' असं अभिमानानं छापलेलं. गुरांच्या आणि कापसाच्या तालुक्यात! पिशवी पोचवायला आलेल्या पोराला मी पाणी दिलं, तर तो कपाळाचा घाम पुसत हसला. "काकू, आमच्या घरी दोन बैल हायेत. उकिरडा भरून हाय. तुमी नेसान तं वरून चहा पाजतो." पण त्याच्या उकिरड्याला चार तारे नाहीत ना, आणि 'उत्पादन आवडलं, पुन्हा घेऊ' असं कोणी लिहिलेलं नाही.

तीच गत नारळाच्या भुशाची. दक्षिणेतल्या नारळाच्या काथ्याचा उरलेला चुरा दाबून विटा करतात, त्या विटा इथे येतात, पाण्यात फुगतात आणि कुंडीत जातात. उत्तम वस्तू आहे, ओल धरते, तक्रार नाही. पण त्याच वेळी कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या धुऱ्याधुऱ्यावर ढिगानं पडलेल्या असतात; काही चुलीत जातात, काही तिथेच पेटवतात. बारीक करून कुजवल्या तर हजारो कुंड्यांचं पोट भरेल. पऱ्हाटी कुंडीत घातली म्हणून फोटो टाकला तर कोण पाहणार, एवढीच काय ती अडचण. यात मला खरोखरचा राग आहे, खोटा नाही, पुढे जाऊ.

माती घ्या. आपली काळी माती म्हणजे कापसाची पट्टराणी, वावरात तिच्यासारखी दुसरी नाही. कुंडीत मात्र ती छळते. ओली झाली की फुगते, सुकली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली. ताटलीत पाणी आलं म्हणून बाई खूश, मधला गोळा ठणठणीत कोरडा. आणि रोपं येतात ती आंध्रातल्या गोदावरीकाठच्या कडियमसारख्या रोपवाटिकांच्या गावांतून, लाल मातीच्या गच्च गोळ्यासकट. तो लाल गोळा तसाच काळ्या मातीत बसवला की दोघांचं पटत नाही. एक चिखल होते तेव्हा दुसरी कोरडी असते. रोप महिनाभर बरं दिसतं आणि ऐन नवतपात प्राण सोडतं. यावर निदान ठरलेलं: नजर लागली. संशयित ठरलेला: समोरच्या काकू.

तालुक्यातल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, जाऊन पाहा, तिथे हे काही नाही. घरामागं सांदवाडी. पहिला पाऊस पडला की मका, वाल, अंबाडी, कोहळं. वेल छपरावर चढवून दिलेली, न्हाणीचं पाणी अळवाला. बियाण्याचं कणीस चुलीवर धुराला टांगलेलं, म्हणजे कीड लागत नाही. तिथल्या बाईला 'तुम्ही गार्डनिंग करता का' असं विचारलं तर ती तुमच्याकडे पाहून पदर तोंडाला लावेल. आता 'उमेद' अभियानानं बचत गटांच्या बायांना पोषण परसबागेची मोहीम काढून दिली, गोल वाफे, मधे शेवगा नि पपई, म्हणजे त्यांच्याच आज्यांचं काम त्यांना नकाशासह परत मिळालं. बरं झालं. निदान नकाशावर तरी त्या आल्या. त्यांचं सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणि भेदरं (म्हणजे टमाटे) मात्र बाजारात आलं की गच्चीवाली बाई दोन रुपयांसाठी घासाघीस करते. स्वतःच्या कुंडीतलं एक भेदरं तिला किती रुपयांना पडलं हे तिच्या नवऱ्यालाही सांगत नाही.

आता पाण्याची गोष्ट, कारण त्यातून घराघराची खरी माहिती बाहेर पडली. मे महिना लग्नाचा आणि माहेरचा. घर बंद, झाडांना पाणी कोण घालणार? कोणीतरी युक्ती काढली, बाटलीच्या बुचाला भोक पाडून ती कुंडीत उलटी खोचायची, थेंबथेंब पाणी जातं. एका आठवड्यात गच्च्यागच्च्यांवर बाटल्या उभ्या राहिल्या. आणि मग लोकांच्या लक्षात आलं, की बाटल्या कोणत्या आहेत ते रस्त्यावरून दिसतं! ज्यांच्या घरी 'आमच्याकडे कोणी सुपारीही खात नाही' असं सांगायचे, त्यांच्या शेवंतीपाशी चौकोनी, जाड काचेच्या, उंची बाटल्यांची रांग. लेबलं खरवडलेली, पण आकार कुठे खरवडता येतो? एक जण म्हणाले, पाहुण्यांच्या आहेत. पाहुणे वर्ध्याचे. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, त्यामुळे खुलासा लोकांनी मानला. पण एवढे पाहुणे?

काहींनी फिल्टरचं वाया जाणारं पाणी झाडांना वळवलं आणि काटकसरीचा सत्कार करून घेतला. आपल्याकडे जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड, म्हणून घरोघर फिल्टर. फिल्टरनं बाहेर टाकलेल्या पाण्यात क्षार आणखी घट्ट झालेले. कूलरच्या टाकीचंही तेच. पाणी उडून जातं, क्षार खाली राहतात, आणि रविवारी टाकी धुऊन ते सगळं मोगऱ्याच्या बुडाशी. कुंडीच्या कडेवर पांढरी पुटं चढतात, पानांच्या कडा करपतात. मालक सांगतात, ऊन लय आहे. उन्हाला या भागात आळ घ्यायची सवय झाली आहे. त्याच्या नावावर काहीही खपतं.

या सगळ्या रडारडीत एकच झाड हसतं: अडेनियम. आफ्रिका-अरबस्तानाकडचं, वाळवंटाचं. सगळ्यांची पानं करपतात तेव्हा हे गुलाबी होऊन बसतं. याचं कौतुक कशावरून होतं ऐका. दरवर्षी मुळं उकरून थोडी वर आणायची, म्हणजे बुंधा फुगलेला दिसतो. "तुमच्या हिचं पोट काय मस्त सुटलं!" असं एका बाईनं दुसरीला भर रस्त्यात सांगितलं आणि ती लाजून "तुमचं बी काई कमी नाई" म्हणाली. बाजूनं जाणारे गृहस्थ सायकलवरून उतरले. त्यात याचा चीक विषारी. आफ्रिकेत शिकारी तो बाणांना लावत. घरात ठेवायला काय निवडलं आहे पाहा. आणि हे फिरतं तरी किती! शेजारच्या टिपेश्वरच्या जंगलातून २०१९ साली निघालेला एक तरुण वाघ तेराशेहून जास्त किलोमीटर चालत बुलडाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला, तो गळ्यात पट्टा होता म्हणून सगळ्यांना कळला. आमच्या आळीतून निघालेली अडेनियमची फांदी सुनेच्या बॅगेतून थेट दुबईच्या बाल्कनीत पोचली. पट्टा नव्हता, त्यामुळे सासूला फोटोतच दिसली.

झाडं आली की मागोमाग त्यांची पाहुणेमंडळी येतात, आणि तिथे तर घरं फुटली. गोडनिंबावर आणि लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या बारीक अळ्या बसतात. मोठ्या झाल्या की हिरव्या होतात आणि डिवचलं तर डोक्यातून केशरी शिंगं काढून घाण वास सोडतात. एका घरात नवरा फुलपाखरांचे फोटो काढणारा, बायको फोडणीवाली. ती अळी दिसली की चपलेनं निकाल लावते. "लिंबाच्या जातीवर वाढणाऱ्या राणी पाकोळीला महाराष्ट्रानं २०१५ साली राज्य फुलपाखरू केलं," असं त्यानं तिला सांगितलं. "ही तीच अळी असेल तर तू सरकारी मालमत्तेचं नुकसान केलंस." तिनं विचारलं, "सरकार फोडनीले पाला देते काय?" त्या घरात सध्या अळ्यांना एक झाड तोडून दिलं आहे, म्हणजे वाटणीत. दुसऱ्यावर दिसली तर चप्पल.

चिमण्यांचंही तसंच. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारानं २०१०पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळतात, आणि उन्हाळाभर मातीच्या परळात पाणी ठेवायची चांगली चाल पडली. पण पाणी कोणाच्या परळातलं जास्त पितात यावर चढाओढ लागली तेव्हा एका घरानं बाजरी घातली, दुसऱ्यानं तांदळाची कणी, तिसऱ्यानं शेव. चिमण्या तिन्हीकडे जाऊन कोणाच्याच झाल्या नाहीत. वानरं मात्र शेववाल्या घरची झाली. आता ती रोज येतात, परळ उलटं करतात, जास्वंदीच्या कळ्या खातात आणि हिरव्या जाळीवर झोके घेतात. गॅलरीतल्या टांगत्या कुंडीत बुलबुलानं घरटं केलं म्हणून एका कुटुंबानं तो दरवाजा उघडणंच बंद केलं. कपडे वाळत घालायची जागा तीच. नवरा सध्या ओलसर शर्टात कामाला जातो आणि पिल्लं उडण्याची तारीख सांगतो.

हसू नका, या परदेशी झाडांच्या हौसेत एक खरा धोका आहे. रायमुनियाचं झुडूप माहीत आहे ना, रंगीबेरंगी झुबक्यांचं, वासाचं? ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या बागेत शोभेसाठी आणलेली बया. कोणीतरी साहेबानं म्हटलं असेल, किती गोड फूल. आज तिनं देशातल्या वाघांच्या जंगलांचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग व्यापल्याचं २०२०च्या अभ्यासात दिसलं. तिच्याखाली गवत उगवत नाही, गवत नाही तर हरणं कुठून. जलपर्णीही तशीच फुलासाठी आली आणि तळी गिळून बसली. टिपेश्वरचं जंगल आमच्या दाराशी आहे. म्हणून गच्चीवर कंटाळा आला की परदेशी वेल 'कुठेतरी मोकळ्यावर' नेऊन लावणाऱ्या सद्गृहस्थांची नावं मी एका वहीत लिहून ठेवते आहे. चोरांची नावं लिहिली नाहीत. तेवढे कागद नाहीत.

आता ताजी खबर. एका गुरुजींच्या आणि एका काकूंच्या घरांमधल्या सामायिक भिंतीवर दोडक्याची वेल चढली. बी एकीकडे पडलेलं, पाणी दुसरीकडून झिरपलेलं, मांडव जुन्या लुगड्याचा आणि ते लुगडं कोणाचं यावर दोन्ही घरांत एकमत नाही. वेलीनं मुळं गुरुजींकडे ठेवली आणि दोडके सगळे काकूंकडे लोंबू दिले. गुरुजी म्हणतात, झाड ज्याच्या जमिनीत त्याचं. काकू म्हणतात, मग तुमच्या झाडाला सांगा, माझ्या हद्दीत येऊ नको. गुरुजींनी रात्री वेल आपल्या बाजूला वळवली. सकाळी ती परत काकूंकडे. वळवली कोणी, की ती आपणहून गेली, यावर चौकात दोन तट आहेत. तलाठ्याला विचारायचंही ठरलं होतं, पण त्यांच्या घरीही म्हणे कारल्याचं असंच काही चालू आहे. निकाल लागायचा तेव्हा लागेल. दोडके तोवर जून होतील म्हणून पहाटे कोणीतरी खुडून नेतं, आणि तिसऱ्याच घरी त्यांची तीळ-खोबरं घालून भाजी होते. घर कोणाचं ते मात्र विचारू नका. भाजी थोडी तिखट झाली होती, एवढंच सांगू शकते.